ट्यूबलाइटचा चोक उघडताय? आधी पार्ट ओळखा!

आपल्या संग्रामपूरसारख्या गावात रिपेअरिंगचं दुकान टाकायचंय, तर ट्यूबलाइटपासून शिका. पण पार्ट ओळखता आले नाहीत, तर गिऱ्हाईक तुटतं आणि शॉकनं जीवही जाऊ शकतो.

जुन्या पट्टीत सोपं असतं: जड तांब्याचा चोक आणि गोल स्टार्टर. इलेक्ट्रॉनिक चोक उघडलात, की सप्लायची वायर येते तिथून बघत चला. आधी फ्यूज. मग चार छोटे काळे डायोड, एका टोकाला पांढरी रेघ. हे एसीचं डीसी करतात. शेजारी उभा, डबीसारखा मोठा कपॅसिटर. 230 व्होल्टचं इथे साधारण 325 व्होल्ट डीसी होतं. पुढे तीन पायांचे दोन ट्रान्झिस्टर, बहुतेकदा 13003 किंवा 13005 लिहिलेले. मग तारेचे वेढे दिलेली छोटी रिंग आणि कॉइल.

लक्षात ठेवा, सप्लाय काढला तरी कपॅसिटर चार्ज असू शकतो. जुन्या तारेच्या बल्बमधून तो डिस्चार्ज करा, मल्टिमीटरवर शून्य बघा, मगच हात लावा.

चोक उघडण्याआधी दुसरी ट्यूब लावून बघा. टोकं काळी पडली असतील, तर दोष बहुधा ट्यूबचाच. कपॅसिटर फुगला असेल तर बदला. ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल, तर डायोड आणि छोटे रेझिस्टरही तपासा. नाहीतर नवा ट्रान्झिस्टर लगेच उडेल.

खराब पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या, खर्च आधी सांगा. नवा चोक स्वस्त पडत असेल, तर तेही सरळ सांगा. गिऱ्हाईक पुन्हा येतं ते या भरवशावरच.