वन्य प्राण्यांच्या पिल्लांचे छायाचित्रण

रानातील पिल्लू कसे वाढते, आई त्याला केव्हा पाजते, ते कळपात केव्हा मिसळते, हे नोंदवून ठेवण्यास छायाचित्र हे फार उपयुक्त साधन होय. परंतु संकट दिसताच प्रौढ प्राणी दूर निघून जाऊ शकतो. पिल्लाला बहुधा ते शक्य नसते. यास्तव छायाचित्रकारास कॅमेऱ्याच्या ज्ञानाइतकेच त्या प्राण्याच्या संगोपनाच्या रीतीचे ज्ञान असावे लागते.

संगोपनाच्या रीती

गुजरातेतील वेळावदरच्या गवताळ रानात काळविटांचे कळप आहेत. या जातीची हरिणी जन्मानंतरचे पहिले काही दिवस पाडसास उंच गवतात लपवून ठेवते. ती स्वतः दूर चरत राहते आणि केवळ पाजण्यापुरती त्याच्याकडे येते. ती पाडसाचे अंग चाटून स्वच्छ ठेवते, त्यामुळे गंधावरून शत्रूला माग लागणे कठीण होते. असे एकटे पाडस पोरके नसते. त्यास उचलून आणणे म्हणजे आईपासून तोडणे होय. आणि त्याच्याजवळ तासभर उभे राहणे म्हणजे आईला तितका वेळ दूर ठेवणे होय. शिवाय तुडवलेले गवत लपण्याची जागा उघडी पाडते.

पाडस निश्चल पडून राहते, म्हणून ते निर्भय आहे असे समजू नये. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या निरीक्षणांत असे आढळले आहे की, धोक्याच्या क्षणी पाडसाच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. ते निश्चल राहणे हीच भीतीची खूण असते.

हत्तीचे पिल्लू याउलट जन्मानंतर काही तासांतच चालू लागते आणि माद्यांच्या मध्ये राहते. उन्हाळ्यात कर्नाटकातील काबिनी जलाशयाच्या काठी असे कळप दिसतात. तेथे आई व पिल्लू यांच्यामध्ये वाहन आणणे सर्वांनाच धोक्याचे असते. वाघाचे बछडे जन्मतः आंधळे असतात. आसऱ्याच्या जागी उपद्रव झाल्यास वाघीण त्यांना तोंडात धरून अन्यत्र हलविते.

दुरून घेतलेले चित्र

या अडचणीवर भिंगाचा उपाय आहे. ५० मि.मी. नाभीय अंतराच्या भिंगाने ५ मी. वरून प्राण्याची जेवढी प्रतिमा मिळते, साधारण तेवढीच ५०० मि.मी. भिंगाने ५० मी. वरून मिळते. मात्र लांब भिंगात हाताचा कंपही तितकाच वाढतो. म्हणून शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे आणि कॅमेरा तिवईवर वा कडधान्य भरलेल्या पिशवीवर टेकवावा. प्राण्याने चरणे थांबवून, मान उंचावून रोखून पाहिले, की आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे.

दुसरा उपाय म्हणजे माणसाविना चालणारा कॅमेरा. वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० नंतरच्या दशकात उत्तर भारतातील जंगलांत वाटेवर तार ताणून, प्राण्याचा पाय लागताच आपोआप छायाचित्र निघेल अशी योजना केली. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. आता तारेची जागा शरीराची उष्णता व हालचाल ओळखणाऱ्या यंत्रणेने घेतली आहे. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी टिपलेल्या सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रांपैकी ७६,६५१ वाघांची होती. अंगावरील पट्ट्यांवरून त्यांत बछडे वगळून २,४६१ निरनिराळे वाघ ओळखता आले.

नियम व नोंदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना घ्यावा लागतो. पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश या अधिनियमाने शिकारीच्या व्याख्येत केला आहे. घरट्यापुढील फांदी चित्रासाठी दूर केली, तर पिल्लांवरील सावली व आडोसा दोन्ही नाहीसे होतात. म्हणून तिला हात लावू नये.

छायाचित्रासोबत दिनांक, वेळ, हवामान आणि आई व पिल्लू यांचे वर्तन लिहून ठेवल्यास ते अभ्यासकांच्या उपयोगी पडते. जन्मस्थळ किंवा घरटे यांचे नेमके ठिकाण मात्र प्रसिद्ध करू नये, कारण एकामागून एक येणारे पाहुणे आईला परतू देत नाहीत.