पंपाच्या डिझेल इंजिनाचे टायमिंग : खुणा जुळवूनच गिअर बसवा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात विहिरीचे पाणी मोजकेच असते. वीज नसली की भिस्त डिझेल इंजिनावर. कांदा पोसण्याच्या वेळी इंजिन अडले तर पाण्याची पाळी चुकते व उत्पादन घटते. इंजिन उघडून दुरुस्त केल्यावर ते सुरू होण्यास त्रास देत असेल, काळा धूर टाकत असेल किंवा पाणी कमी उचलत असेल, तर कॅमशाफ्टचे टायमिंग जरूर तपासावे.

टायमिंग म्हणजे काय? चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणून कॅम गिअरला क्रँक गिअरच्या दुप्पट दाते असतात. हवा आत घेणारा व धूर बाहेर सोडणारा, हे दोन्ही व्हॉल्व्ह कॅमच्या उंचवट्यामुळे ठरल्या वेळी उघडतात. समजा कॅम गिअरला 50 दाते आहेत. गिअर एक दाता चुकून बसला तर क्रँकशाफ्टच्या मानाने 14.4 अंशांचा फरक पडतो. मग हवा पुरेशी भरत नाही, दाब कमी पडतो व डिझेल वाया जाते. बऱ्याच इंजिनांत डिझेल पंपही याच शाफ्टवर चालतो, त्यामुळे डिझेल फवारण्याची वेळही बिघडते. चूक मोठी असल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतो.

गिअर बसविताना पुढील काळजी घ्यावी :

1. दोन्ही गिअर रॉकेलने स्वच्छ धुवावेत. दात्यांवरील टिंब किंवा रेघेची खूण शोधावी.

2. एका गिअरची खूण दुसऱ्याच्या खुणेसमोर आणूनच गिअर बसवावा. अंदाजाने बसवू नये.

3. डिझेल बंद ठेवून फ्लायव्हील हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या पाहिजेत. मध्येच अडल्यास जोर न लावता पुन्हा तपासावे.

4. शेवटी इंजिन थंड असताना, दोन्ही व्हॉल्व्ह बंद अवस्थेत, टॅपेटची फट फीलर गेजने माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. फट जास्त झाल्यास व्हॉल्व्ह उशिरा व कमी उघडतो. फारच कमी झाल्यास तो पूर्ण बसत नाही व जळतो.

इंजिन मिस्त्रीकडे दिले असले तरी झाकण लावण्यापूर्वी खुणा स्वतः पाहाव्यात. हे काम पाच मिनिटांचे आहे. पण त्याने डिझेल वाचते व पिकाची पाळी वेळेवर होते.