हरभऱ्याचें मूळ आणि काळी माती

हरभऱ्याच्या पानांवर पहाटेच्या दंवाबरोबर जी आंब सांचते ती बहुतेक वाचकांच्या परिचयाची असेल. पिकावर पातळ फडकें पसरून ती टिपून घ्यावयाची व पोटदुखीवर द्यावयाची, ही चाल जुनी; वैद्यकांत हिलाच चणकाम्ल म्हणतात. परंतु हेंच झाड जमिनीखालींहि आम्ल सोडीत असतें, इकडे लक्ष फारसें जात नाहीं.

परभणीकडील गोदा, पूर्णा व दुधना यांच्या कांठची काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली. तींत चुन्याचा अंश पुष्कळ. म्हणून स्फुरद चुन्याशीं जखडून असून नसल्यासारखा होतो. हरभऱ्याचें मूळ सायट्रिकादि आम्लें पाझरवून हें बंधन सैल करितें. तुरीची युक्ति निराळी. तिच्या मुळांतील पिसिडिक आम्ल लोहाशीं बांधलेला स्फुरद सोडवितें, असें हैदराबादजवळील पाटणचेरू येथें इक्रिसॅट संस्थेंत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं १९९० सालीं दाखविलें. मुळाभोंवतींच्या या चिंचोळ्या प्रदेशास हिल्टनर या जर्मन पंडितानें १९०४ मध्येंच ‘रायझोस्फियर’ हें नांव दिलें होतें.

येथवर सर्व गोड. पण जुना सेंद्रिय कर्बहि चिकणमातीच्या कणांस व चुन्यास चिकटूनच शेंकडों वर्षें टिकलेला असतो. आम्लानें तें बंधनहि सुटतें, आणि मोकळ्या झालेल्या कर्बावर सूक्ष्म जंतु तुटून पडतात. मुळें ज्या ऑक्झॅलिक आम्लाचा पाझर सोडतात त्यानें असें घडतें, हें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. म्हणजे मूळ एका हातानें सांठा उधळतें. दुसऱ्या हातानें तें भरहि घालतें: त्याचा चिकट रस, मेलेले जंतु व कुजलेले तंतू मातीच्या कणांस बिलगून राहतात, आणि वरून घातलेल्या पालापाचोळ्यापेक्षां मुळांचा कर्ब जमिनींत अधिक काळ टिकतो.

ही भर पदरांत पडावयाची तर मूळ शेतांतच राहिलें पाहिजे. आमच्याकडे मात्र हरभरा मुळासकट उपटून खळ्यावर नेण्याची रीत आहे. विळ्यानें कापण्यास कंबर मोडते, मजुरीहि वाढते, हें आम्हांस मान्य. तरी मुळें घालवून मग खत विकत आणणें हा व्यवहार आम्हांस आंतबट्ट्याचा वाटतो. पऱ्हाटीची गोष्ट वेगळी. गुलाबी बोंडअळीच्या भयानें ती उपटणेंच इष्ट. ती बांधावर जाळून टाकावी, हें मात्र पटत नाहीं.

परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. माती-परीक्षणाच्या पत्रिकेंत सेंद्रिय कर्बाचा आंकडा असतो. ज्यांचीं शेतें अद्याप वाट्यानें दिलेलीं आहेत त्यांनीं तो दर दोन-तीन वर्षांनीं वहींत टिपून ठेवावा, आणि हरभरा कापून घेण्याचा अधिक खर्च वाटेकऱ्याच्या माथीं न मारतां स्वतः सोसावा.