संदेशांची रांग आणि अग्रक्रमाचा प्रश्न

कोल्हापुराहून मुंबईस चाललेले संभाषण आज बहुधा अखंड प्रवाहाच्या रूपाने जात नाही. ते तुकड्यातुकड्यांनी जाते. बोलण्यातील साधारणतः दर २० मिलिसेकंदांचा ध्वनी अंकांत रूपांतरित होतो, त्याचे एक पॅकेट बनते आणि ते आपला पत्ता घेऊन मार्गस्थ होते. (पॅकेटास ‘पुडके’ हा घरचा शब्द उत्तम आहे, आणि ह्या लेखापुरता तरी तो वापरण्यास हरकत नसावी.) जुन्या, परंतु अद्याप प्रचलित असलेल्या एका पद्धतीत अशा पुडक्यात ध्वनीचे १६० व पत्ता इत्यादी मजकुराचे ४०, मिळून २०० बाइट असतात. काचतंतूतून ह्या दोन शहरांमधील अंतर कापावयास प्रकाशास सुमारे २ मिलिसेकंद पुरतात. असे असता बोलणे अडखळते, ते अंतरामुळे नव्हे. वाटेतील रांगांमुळे होय.

स्विच ह्या यंत्रात अनेक दारांनी पुडकी येतात. त्यांपैकी पुष्कळांना एकाच दाराने बाहेर पडावयाचे असले, म्हणजे त्यांना थांबावे लागते. ‘प्रथम येईल तो प्रथम जाईल’ हा नियम सकृद्दर्शनी न्याय्य वाटतो. परंतु चित्रफितीचे वा धारिणीचे पुडके १५०० बाइटांचे असू शकते. सेकंदास एक गिगाबिट वेगाच्या मार्गावर ते १२ मायक्रोसेकंदांत निघून जाते. तेच दोन मेगाबिटांच्या मार्गावर ६ मिलिसेकंद घेते, आणि अशी दहा पुडी पुढे असली तर ध्वनीच्या इवल्याशा पुडक्यास ६० मिलिसेकंद तिष्ठत राहावे लागते. एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राखावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

येथे भाषेच्या अभ्यासकास एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १९६४ मध्ये लिस्कर व एब्रमसन ह्या संशोधकांनी अकरा भाषांतील स्पर्शव्यंजनांची मापे प्रसिद्ध केली. त्यांत मराठीही होती. ‘काल’ आणि ‘खाल’ ह्यांतील भेद मुख्यतः व्यंजनाचा स्फोट व स्वरतंतूंच्या कंपनाचा आरंभ ह्यांमधील काही दशक मिलिसेकंदांवर अवलंबून असतो. फार उशिरा पोचलेले ध्वनीचे पुडके हरवल्यासारखेच असते, कारण त्याची ऐकविण्याची वेळ टळून गेलेली असते. एखादे पुडके गळाले तर यंत्र शेजारच्या ध्वनीवरून ती जागा भरून काढते. पण लागोपाठ दोनतीन गळाली, तर महाप्राणच नाहीसा व्हावयाचा! उलटपक्षी, पत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचले म्हणून त्यातील एक काना कमी होत नाही.

म्हणून पुडक्यांवर वर्गाचा अंक घालतात. इथरनेटच्या पद्धतीत ह्यासाठी तीन बिट राखून ठेवलेले असून ० ते ७ असे आठ वर्ग होतात. (गंमत अशी, की रूढ व्यवस्थेत १ ह्या वर्गाचे स्थान ० च्याही खाली आहे.) ह्याला ‘प्राधान्य’ म्हणण्यापेक्षा ‘अग्रक्रम’ म्हणणे मला अधिक नेमके वाटते, प्राधान्यात महत्त्वाचा निवाडा येतो, आणि यंत्रास मजकुराचे महत्त्व कळत नाही, केवळ अंक कळतो. कोणी आपल्या सर्वच पुडक्यांवर वरचा अंक घालील, ह्या शंकेने पुष्कळ ठिकाणी प्रवेशद्वारीच स्विच तो अंक पुसून स्वतःचा घालतो.

परंतु वरच्या वर्गास नेहमीच प्रथम सोडले आणि तो वर्ग कधी रिताच झाला नाही, तर खालच्यांची उपासमार होते. ह्यावरचा एक सुटसुटीत उपाय १९९५ मध्ये श्रीधर व जॉर्ज वर्गीज ह्यांनी मांडला. ह्यांतील वर्गीज हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक रांगेचे जणू एक खाते असते. पाळी आली की खात्यात ठराविक रक्कम, समजा ५०० बाइट, जमा होते. शिलकीत बसतील तेवढीच पुडकी सोडावयाची व उरलेली शिल्लक पुढील फेरीस न्यावयाची. २०० बाइटांची पुडकी असलेल्या रांगेतून पहिल्या फेरीस दोन, दुसरीस तीन, तिसरीस दोन जातात; १५०० बाइटांचे पुडके तिसऱ्या फेरीसच सुटते. म्हणजे एकीचे १४०० बाइट गेले व १०० शिल्लक राहिले, दुसरीचे १५०० गेले. रांग रिकामी झाली की मात्र तिची शिल्लक बुडते. निरुद्योगी रांगेस संचय करू दिला, तर पुढे ती एकदम सर्वांची वाट अडवील.

प्रत्यक्षात बहुधा दोन्ही पद्धतींचा मेळ घालतात: ध्वनीची रांग सर्वांच्या पुढे, पण तिच्या वेगास मर्यादा; आणि बाकीच्या रांगा अशा खात्यांच्या हिशेबाने.