बंक बेडची गादी : आधी कठडा मोजा

द्रोणागिरीतल्या वन बीएचकेमध्ये दोन मुलांची सोय करायची, तर बंक बेड सोयीचा. पण ‘गादी जाड तेवढी चांगली’ हा हिशेब वरच्या बेडवर उलटा पडतो. गादी जितकी जाड, कठडा तितका बुटका.

अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा नियमांनुसार, वरच्या बेडचा कठडा गादीच्या वर किमान ५ इंच असावा लागतो. म्हणजे फळीपासून कठडा ११ इंच असेल, तर गादी ६ इंचांपेक्षा जाड नको. सुताराकडून बेड करून घेताना गादी आधी ठरवा, मग कठड्याचे माप द्या. ६ वर्षांखालील मुलाला वर झोपवू नये, असेही हे नियम सांगतात. आपल्याकडे आणखी एक धोका म्हणजे छताचा पंखा. मूल गादीवर उभे राहिले, तर हात पात्यापर्यंत पोहोचता कामा नये.

आधारासाठी काथ्याची किंवा घट्ट फोमची गादी बरी. कापसाची जुनी गादी मध्येच खोलगट झाली असेल, तर पिंजून घ्या. तिच्यावर दुसरी टाकली, की कठडा पुन्हा बुटका! गादी आणि कठडा यांत फटही नको.

समुद्राजवळची हवा दमट. सलग प्लायवूडवर ठेवलेली गादी पावसाळ्यात खालून ओल धरते, बुरशी येते. त्यामुळे खाली पट्ट्या असलेला बेड निवडा. प्लायवूडच असेल, तर भोके पाडून घ्या आणि आठवड्यातून एकदा गादी उभी करून ठेवा.