सिनेमा एकच, पडदे अनेक

श्रीरामपूर : पूर्वी नवा सिनेमा तालुक्याच्या गावात उशिरा यायचा. रिळांच्या पेट्या आधी मोठ्या शहरांत फिरायच्या. आता डिजिटल फाईलमुळे तो पहिल्याच शुक्रवारी लागू शकतो आणि काही आठवड्यांत मोबाईलवरही येतो. सिनेमा, टीव्ही, फोन आणि इंटरनेट एकमेकांत मिसळले, त्याचाच हा परिणाम.

याचे जवळचे उदाहरण म्हणजे शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले मालेगाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ बनवला. स्वस्त कॅमेऱ्यामुळे यंत्रमागाच्या गावातली पोरंही पडद्यावर आली. पुढे याच मंडळींवरचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये आधी थिएटरात आणि मग ओटीटीवर आला. आज मालेगावच्या कलाकारांचे विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले जातात. त्यासाठी वितरकाचे उंबरे झिजवावे लागत नाहीत.

पण याला दुसरी बाजूही आहे. प्रेक्षक घरीच बसला की एकपडदा थिएटरचा गल्ला आटतो, आणि तिथल्या कामगारांची रोजी-रोटीही.

घरातल्या मोठ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओटीटीच्या मालिकांना सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार कंपन्या स्वतःच वयोगट ठरवतात, मात्र १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांसाठी पालकांना लॉकची सोय देणे बंधनकारक आहे. मुलांच्या हाती मोबाईल देण्याआधी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन हे लॉक जरूर लावा.