आयसीयूतील अँटिबायोटिक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रुग्ण आयसीयूत गेला की घरचे कळवळून सांगतात, ‘डॉक्टर, सगळ्यात भारी अँटिबायोटिक द्या, खर्चाचं बघू नका.’ त्यामागची काळजी खरी असते. पण जितकं भारी औषध तितके चांगले उपचार, ही समजूत चुकीची आहे आणि तिची झळ आधी त्याच रुग्णाला बसते.

गैरसमज : आयसीयूतल्या प्रत्येकाला लगेच अँटिबायोटिक हवंच.

वस्तुस्थिती : जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळला असेल, तर तासाभरात अँटिबायोटिक द्यावं, असं सेप्सिसविषयीच्या (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या स्थितीविषयीच्या) २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तिथे रिपोर्टसाठी थांबणं जिवावर बेतू शकतं. रक्तदाब ठीक असेल आणि संसर्गाची नुसती शंका असेल, तर मात्र झटपट तपासण्या करून तीन तासांपर्यंत निर्णय घेता येतो. प्रत्येक ताप जिवाणूंमुळेच येतो असं नाही.

गैरसमज : भारी औषध बदलून साधं दिलं, म्हणजे डॉक्टरांनी हात आखडता घेतला.

वस्तुस्थिती : सुरुवातीचं औषध अंदाजाने, अनेक जंतूंना लागू पडेल असं निवडलेलं असतं. दोन-तीन दिवसांत कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, की बहुतेकदा नेमका जंतू कळतो. मग त्याच्यापुरत्या औषधावर येणं, हा उपचार अचूक होत असल्याचा पुरावा आहे. उलट, कोलिस्टिनसारख्या भारी औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते; जागतिक आरोग्य संघटनेने ते ‘राखीव’ गटात ठेवलं आहे.

गैरसमज : जास्त दिवस औषध दिलं की खात्री जास्त.

वस्तुस्थिती : रक्तात संसर्ग पसरलेल्या ३,६०८ रुग्णांवरचा ‘बॅलन्स’ हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सात देशांतल्या या रुग्णांपैकी काहींना ७ दिवस, तर काहींना १४ दिवस अँटिबायोटिक दिलं होतं. नव्वद दिवसांतले मृत्यू ७ दिवसांच्या गटात १४.५ टक्के, तर १४ दिवसांच्या गटात १६.१ टक्के होते. म्हणजे कमी दिवसांनी नुकसान झालं नाही. हा निष्कर्ष सर्वांना सरसकट लागू नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा संसर्ग झालेले किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते.

गैरसमज : औषध जपून वापरणं म्हणजे उद्याच्या रुग्णासाठी आजच्या रुग्णाचा बळी.

वस्तुस्थिती : गरज असताना औषध नाकारणं अनैतिकच. पण अनावश्यक डोसांनी आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे जंतू फोफावतात. पुढचा संसर्ग त्यांचाच झाला, तर त्याच रुग्णासाठी पर्याय उरत नाहीत. हे जंतू शेजारच्या खाटेपर्यंतही पोहोचतात. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

गैरसमज : अखेरच्या टप्प्यात अँटिबायोटिक थांबवणं म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणं.

वस्तुस्थिती : सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. बरं होण्याची आशा नसताना रुग्णाची इच्छा, घरच्यांशी चर्चा आणि वैद्यकीय मंडळांचं मत यांवरून उपचार थांबवता येतात. वेदना आणि धाप कमी करणारी शुश्रूषा मात्र चालूच राहते.

म्हणून घरच्यांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावं : औषध कोणत्या संसर्गासाठी आहे, कल्चरला काय पाठवलं, फेरविचार कधी करणार आणि थांबवणार कधी? या चारही उत्तरांवर रुग्णाच्या कुटुंबाचा पूर्ण हक्क आहे.